डोलकाठी उभी असते पिनेच्या भरवशावर

वाळूवरून ढकलत पाण्यात नेता येते अशा छोट्या कॅटमरॅनची डोलकाठी बोटीत रोवलेली नसते. दोन हल, म्हणजे दोन निमुळती पोटं, एकमेकांना जोडणाऱ्या पुढच्या आडव्या नळीवर मधोमध एक गोलसर बैठक असते आणि तिच्यावर डोलकाठी नुसती टेकवलेली असते. बैठकीवर ती डावी-उजवीकडे फिरू शकते, कारण शिडाला वाऱ्याचा योग्य कोन मिळण्यासाठी तिला फिरावंच लागतं. आठ मीटर उंचीचा हा ॲल्युमिनियमचा खांब तोलून धरतात त्या तीन तारा: एक पुढे, आणि दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येक तारेची जाडी तीन-चार मिलिमीटर. तारेचं टोक एका पिनेत अडकवलेलं, आणि ती पिन सुटू नये म्हणून तिच्या भोकात घातलेली एक बारीक रिंग, किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशी, पण त्याहून पुष्कळ लहान.

जुनी कॅटमरॅन विकत घेणारा माणूस आधी हल पाहतो, मग शीड पाहतो. रिंग कोणी पाहत नाही. डोलकाठी कोसळते ती अनेकदा तिथूनच.

या जातीच्या बोटींमधलं जगभर सर्वांत परिचित नाव हॉबी १६. कॅलिफोर्नियाच्या हॉबी आल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाने १९६९च्या सुमारास ती बाजारात आणली. लांबी पाच मीटर, रुंदी दोन मीटर चाळीस सेंटिमीटर, वजन अवघं १४५ किलो आणि त्यावर सुमारे वीस चौरस मीटर शीड. तिच्या हलांचा आकार असा की पाण्यात खाली सोडायची उभी फळी लागतच नाही. त्यामुळे जुहूसारख्या सपाट, दूरवर उथळ राहणाऱ्या किनाऱ्यावर जिथे दुसरी शिडाची बोट तळाला लागून बसेल तिथे ही सहज सरकत वाळूवर येते. फायबरग्लासचे हल कुजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही. रंगाचा एक हात दिला की तीस वर्षांची बोट नवी दिसते. आणि इथेच गडबड होते, कारण तारांचं वय रंगाने झाकता येत नसलं तरी बघणाऱ्याचं लक्ष मात्र रंगाकडेच जातं.

कॅटमरॅनच्या तारांवर ताण किती येतो, याचा अंदाज तिच्या स्थिरपणावरून येत नाही. किंबहुना स्थिरपणामुळेच तो जास्त येतो. एका पोटाची बोट झोत आला की कलते. कलली की शीड वाऱ्याला तिरकं होतं, वारा वरून निसटून जातो आणि डोलकाठीवरचा भार आपोआप हलका होतो. कॅटमरॅनचे दोन हल एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे ती चटकन कलत नाही. झोताचा धक्का कुठे तरी जायला हवा. थोडा वेग वाढवण्यात जातो, बाकीचा सरळ तारांमध्ये.

एक ढोबळ हिशोब करून पाहू. समजा, शिडावर बाजूने १०० किलो वजनाइतका जोर पडतो आहे आणि त्याचं केंद्र डोलकाठीच्या पायापासून साडेतीन मीटर उंचीवर आहे. वाऱ्याच्या बाजूची तार हलला जिथे बांधलेली असते ते ठिकाण पायापासून जेमतेम १.२ मीटरवर. शाळेत शिकलेला तरफेचा नियम लावला तर त्या तारेला जवळजवळ ३०० किलो ताण सोसावा लागतो. तीन मिलिमीटर जाडीची, एकोणीस एकेरी धाग्यांची नवी स्टेनलेस तार साधारण ७०० किलोंना तुटते. चार मिलिमीटरची साडेबाराशेच्या आसपास. म्हणजे नव्या तारेला पुरेसा वाव आहे. पण हा हिशोब शांत पाण्यातला, एकसारख्या वाऱ्याचा. जोरात पळणाऱ्या बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, समोरच्या लाटेत घुसली की बोट क्षणात थबकते, डोलकाठी मात्र पुढे जाऊ पाहते. तेव्हा बसणारा हिसका या आकड्यांच्या दुप्पटही होऊ शकतो. जुन्या तारेचा वाव किती उरला आहे, हे तारेकडे बघून कळत नाही.

आता समुद्राच्या मिठाकडे वळू. खरी गोष्ट तिथे आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, काही नॅनोमीटरचा थर असतो आणि तो ओरखडला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा भरून येतो. ऑक्सिजन मिळाला तरच. जिथे खारं पाणी आत शिरतं पण हवा खेळत नाही, अशा फटीत हा थर तुटला की जुळत नाही, आणि क्लोराइड त्याच जागी खोल खड्डा पाडत जातं. तारेच्या टोकाला दाबून बसवलेली नळी, जिला डोलकाठीच्या तारांचं काम करणारे रिगिंगवाले स्वेज म्हणतात, ही नेमकी अशी फट आहे. तार बाहेर चकचकीत, नळी बाहेर चकचकीत, आणि दोन्हींच्या मधल्या केसाएवढ्या पोकळीत पोलाद झिजत असतं. त्यातच तार जिथून नळीच्या बाहेर पडते तिथेच ती प्रत्येक लाटेला वाकते. गंज आणि थकवा एकाच बिंदूवर. त्यामुळे तार मधे क्वचित तुटते. तुटते ती टोकाशी, नळीच्या तोंडाला.

मुंबईची हवा याला साथ देते. बोटीवर उडालेलं पाणी दुपारच्या उन्हात वाळतं, मीठ मागे राहतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत आपण ते पाहतोच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते याहून कितीतरी कमी आर्द्रतेला, तिसाव्या-पस्तिसाव्या टक्क्यालाच, पाणी ओढू लागतं. जुहूच्या किनाऱ्यावर एवढी कोरडी रात्र वर्षातून फारशी येत नाही. म्हणजे बोट वाळूवर महिनाभर नुसती उभी असली तरी तिच्या तारांच्या टोकांत दाट खारट पाण्याचा लेप रोज रात्री तयार होत असतो. ‘बोट वापरलीच नाही, म्हणून तारा चांगल्या आहेत’ हा जाहिरातीतला युक्तिवाद इथे टिकत नाही. वापरलेली आणि दर वेळी गोड्या पाण्याने धुतलेली बोट मला अधिक भरवशाची वाटते.

परदेशी पुस्तकांमध्ये तारा दहा वर्षांनी बदला असा सर्वसाधारण नियम असतो. तो थंड हवेच्या देशांतल्या मोठ्या बोटींसाठी ठीक आहे. आपल्याकडच्या उष्ण, दमट किनाऱ्यावर, बारीक तारांच्या छोट्या बोटीला तो लावणं मला धाडसाचं वाटतं. याच्या निम्म्यात बदलाव्यात. आणि जुनी बोट विकत घेताना तारांचा इतिहास कागदावर नसेल तर त्या आजच बदलायच्या आहेत असं धरून किंमत ठरवावी.

जुहूत ही चर्चा करताना किनाऱ्यापासून थोडं आत, विमानतळाकडे बघावंसं वाटतं. जुहूचं विमानतळ १९२८मध्ये सुरू झालं, आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबही. क्लबच्या मॉथ जातीच्या विमानांना एकावर एक असे दोन पंख असत. लाकूड आणि कापडाचे ते पंख एकमेकांना तिरक्या ताणलेल्या तारांनी जखडलेले. काही तारा उडताना भार पेलत, काही जमिनीवर असताना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच धावपट्टीवर उतरले. त्यांचं पुस मॉथ एका पंखाचं होतं, पण त्याची निगा राखणारी कामगारांची जात तीच. विमानाच्या तारा-पंखांचं काम करणाऱ्याला तेव्हा हवाई दलात रिगर म्हणत. जहाजावरचा शब्द आणि जहाजावरची विद्या जशीच्या तशी हवेत गेली होती.

पण हवेत गेल्यावर ती विद्या जास्त कडक झाली, कारण हवेत तार सुटली तर पोहून परत येता येत नाही. विमानाच्या टर्नबकलला, म्हणजे तार ताणायच्या आट्याच्या सांगाड्याला, आधी योग्य ताण द्यायचा आणि मग त्यातून एक मऊ तार ओवून ती अशा दिशेने पिळायची, की आटा सैल व्हायचा म्हटला तरी त्या तारेने तो आणखी घट्टच ओढला जावा. प्रत्येक पिनेला स्प्लिट पिन. एकदा काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही, ती फेकायची आणि नवी घालायची. काम झालं की वहीत तारीख आणि सही. हे सगळं अगदी बारीकसारीक आणि कंटाळवाणं वाटतं. जुनी कॅटमरॅन सुरक्षित करायची म्हणजे बव्हंशी हेच करायचं आहे.

जाता जाता, टाटांच्या त्या पहिल्या टपालसेवेला पावसाळ्यात जुहू सोडून पुण्याला बस्तान हलवावं लागे, कारण धावपट्टीचा चिखल होई. जुहूच्या कॅटमरॅनवाल्यानेही जून ते सप्टेंबर डोलकाठी उतरवूनच ठेवावी. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी, पण त्या दिवसांतला समुद्र काय असतो हे जुहूच्याच मोरागावच्या कोळीवाड्यात कोणालाही विचारावं.

कोळीवाड्याचं नाव निघालं म्हणून आणखी एक मुद्दा. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या शिडाच्या होड्यांना, मचव्यांना, फत्तेमारींना पोलादी तारा नव्हत्याच. तिरक्या परबाणावर, म्हणजे डोलकाठीला टांगलेल्या लांब दांड्यावर, शीड, आणि डोलकाठीला आधार म्हणून काथ्याचे किंवा सुताचे दोर. हे दोर कायमचे बांधलेलेही नसत. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूला दोर नेऊन ताणायचे आणि दिशा बदलली की पुन्हा हलवायचे. त्यामुळे होडी चालवताना खलाशाचा हात दोराच्या प्रत्येक टोकाला रोजच लागत असे. काथ्याचा दोर म्हातारा झाला की त्याचे तंतू सुटतात, तो काळा पडतो, हाताला भुसभुशीत लागतो. तांडेलाला भिंग लागत नसे. स्वातंत्र्यानंतर होड्यांवर इंजिनं आली, शिडं गेली आणि दोर ओळखणारा तो हातही गेला. पोलादी तार बळकट आहे यात शंका नाही. पण ती आपलं म्हातारपण लपवते, आणि एकदा बसवली की हंगाम-हंगाम तिला कोणी हात लावत नाही.

म्हणून तपासणीचं काम डोलकाठी उतरवून, दोन घोड्यांवर आडवी ठेवूनच करायचं. उभ्या डोलकाठीच्या वरच्या टोकाची खालून मान वर करून केलेली पाहणी ही पाहणी नव्हे. सगळ्या तारा सोडवून आधी गोड्या पाण्याने धुवायच्या, मग कापसाचा बोळा तारेवरून सावकाश फिरवायचा. जिथे कापूस अडकेल तिथे एक धागा तुटलेला आहे. एकोणिसातला एक धागा गेला तर बळ पाच टक्क्यांनीच घटलं असं गणित कोणी सांगेल; ते ऐकू नये, कारण बाकीच्या अठरांनीही तेवढंच वय आणि तेवढंच मीठ पाहिलेलं असतं. नळीच्या तोंडाशी तपकिरी ओघळ दिसला, किंवा नळीवर लांबीच्या दिशेने केसासारखी चीर दिसली, तर ती तार संपली. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेसाठी वेल्डिंगवाले वापरतात ते लाल रंगाचं भेदक द्रव्य उपयोगी पडतं: आधी लाल फवारायचं, पुसून घ्यायचं, वर पांढरं फवारायचं, चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. डोलकाठीच्या वरच्या कोयंड्याला आणि हलला तारा जिथे बांधतात त्या पट्ट्यांना ही परीक्षा जरूर द्यावी.

पिनेबद्दल थोडं सविस्तर. सहा मिलिमीटर जाडीची चांगल्या स्टेनलेसची पिन दोन्ही बाजूंनी आधार असताना कापली जायला दीड टनाच्या वर जोर लागतो. म्हणजे योग्य मापाची पिन तारेपेक्षा बळकट असते आणि सहसा मोडत नाही. ती निसटते. तिची रिंग शिडाच्या दोरीत अडकून उघडते, वाळूत घासून पातळ होते, किंवा एखादा घाईत ती अर्धीच घालतो. सैल तारेत पिन सतत हलत असते, आणि वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूची तार प्रत्येक वेळी सैल पडतच असते. तेव्हा पहिला बदल सर्वांत स्वस्तातला: दर हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या रिंगा नव्या. उभी बसणारी पिन नेहमी डोकं वर ठेवून घालावी, म्हणजे रिंग गेली तरी वजनाने ती जागेवर राहण्याची थोडी शक्यता उरते. रिंगेवर टेप गुंडाळावी, पण फक्त रिंगेवर. संपूर्ण सांधा टेपने लपेटला की आत खारं पाणी कोंडतं आणि वर सांगितलेली बिनहवेची फट आपणच तयार करतो. पिनेचं भोक लांबट झालं असेल तर ती पट्टी बदलायची, जाडी पिन ठोकून बसवायची नाही.

मग तारा. एक बदलून दुसरी ठेवायची नाही. तिन्ही एकदम, आणि ट्रपीझच्या तारासुद्धा. ट्रपीझ म्हणजे चालवणारा कमरेच्या पट्ट्याने ज्या तारेला लटकून बोटीबाहेर झुकतो ती; तिच्यावर माणसाचं सगळं वजन असतं आणि ती सर्वांत बारीक असते. स्थिर तारांसाठी एकोणीस एकेरी धाग्यांची, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची तार घ्यावी. ३१६मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४मध्ये ते नसतं, आणि खाऱ्या पाण्यातला फरक त्यानेच पडतो. लोहचुंबक लावून प्रत ओळखायची लोकप्रिय पद्धत इथे फसवी आहे: ओढून बारीक केलेली ३१६ची तारही थोडीशी चुंबकाला चिकटू शकते. विक्रेत्याकडे कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागावं.

टोकं कशी बांधायची, हा सर्वांत मोठा प्रश्न. तारेला वळसा देऊन आत धातूची वाटी बसवून वर तांब्याची नळी दाबायची, ही पद्धत छोट्या बोटींवर चालते. नळी पुरेशी दाबली गेली की नाही हे मोजायचं एक खाचेचं माप येतं, ते वापरलं तरच. स्टेनलेस तारेवर ॲल्युमिनियमची नळी कधीही नाही, कारण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम पोलादापुढे आपला बळी देतं. इंग्रजी यू आकाराचे बोल्टवाले क्लॅम्प तर बोटीच्या जवळपासही नकोत. माझा कौल यंत्रावर दाबलेल्या तयार टोकांना आहे. हॉबीसारखी ठरावीक आराखड्याच्या वर्गातली बोट असेल, तर तिच्या मापाचा तयार संच मागवावा. थोडा महाग पडतो, पण दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी नेमकी सारखी असते आणि डोलकाठी सरळ उभी राहते.

इथे मुंबईच्या बाजाराबद्दल एक इशारा. दारुखान्यात मोडलेल्या जहाजांचा माल मिळतो, नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टपासून वायर रोपपर्यंत सगळं मिळतं, आणि मुंबईकराला तिथे जाण्याचा मोह आवरत नाही. शॅकल, दोऱ्या, वायसर घ्यायला खुशाल जावं. पण क्रेनसाठी बनलेली जस्त चढवलेली, मधे तागाचा गाभा असलेली लवचिक तार डोलकाठीला लावू नये. ती ताणली जाते, आणि गाभा खारं पाणी धरून ठेवतो. ज्या शॅकलवर कामाचा भार कोरलेला नाही, ती कितीही चमकत असली तरी दुकानाच्या सजावटीची समजावी.

‘थोडी जाडीच तार लावून टाकू’ हा सल्ला प्रत्येक किनाऱ्यावर मिळतो. जरा थांबून विचार करावा. तीनऐवजी पाच मिलिमीटरची तार लावली तर तार तुटणार नाही, पण जोर पुढच्या कडीवर जाईल: तारेखालच्या पट्टीवर, पट्टीमागच्या तीस वर्षांच्या फायबरग्लासवर. तार तुटली तर डोलकाठी पडते. पट्टी उपटली तर हलला भगदाड पडतं, आणि ती दुरुस्ती पाण्यावर होत नाही. पट्टीभोवतीचा भाग आधी नाण्याने ठोकून पाहावा; टणटणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेले आहेत. तिथे तारांआधी हलची दुरुस्ती. एकच भाग बळकट करून सुरक्षितता येत नाही, आणि मूळ आराखड्यात जी जाडी दिलेली आहे ती कोणी तरी हिशोब करूनच दिलेली असते.

पोलादाऐवजी डायनीमासारखा कृत्रिम धाग्याचा दोर लावायची टूम आता जगभर आहे. त्याच जाडीला तो तारेहून बळकट, वजनाने आठवा हिस्सा, आणि पाण्यावर तरंगतो. गंजायचा प्रश्नच नाही, आणि काथ्याच्या दोरासारखा तो म्हातारपण दाखवतोही: तंतू फुलतात. पण सततच्या भाराखाली तो हळूहळू लांबतो, धातूच्या कडेवर घासून कापला जातो, आणि त्याला गाठ मारली की निम्म्याहून अधिक बळ जातं. टोक विणूनच करावं लागतं. जुहूच्या उन्हात झाकण न घालता ठेवलेला असा दोर मी तरी मुख्य आधाराला लावणार नाही. ट्रपीझला, पुढच्या तारेच्या जोडीला राखीव म्हणून, तो उत्तम.

पुढची तार हा हॉबीसारख्या बोटींचा दुखरा भाग. त्यांच्यात पुढच्या छोट्या शिडाच्या कडेत शिवलेली तारच प्रत्यक्षात डोलकाठी पुढून धरते आणि वेगळी पुढची तार सैल लोंबत असते. शिडात लपलेली ती तार कोणाला दिसत नाही, म्हणून तिची तपासणी राहून जाते. शीड उलगडून तिची दोन्ही टोकं पाहावीत, आणि सैल लोंबणारी तार ‘नुसती शोभेची’ म्हणून जुनीच ठेवू नये. पहिली तुटली तर तीच उरते.

ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि स्टेनलेसचे स्क्रू जिथे भेटतात तिथे पांढरी भुकटी दिसते. ती ॲल्युमिनियमची झीज. स्क्रू काढून दोन धातूंच्या मधे नायलॉनचं वायसर आणि विलग ठेवणारी पेस्ट लावून तो परत बसवावा. याच वेळी डोलकाठीची दोन्ही टोकं सिलिकॉनने बंद करून घ्यावीत. बंद डोलकाठी तरंगते, त्यामुळे बोट आडवी पडली तरी चटकन पूर्ण उलटी होत नाही. उथळ पाण्यात उलटी झाली तर डोलकाठीचं टोक वाळूत रुततं आणि पुढची लाट ती मोडते. टोकाला बसवायचा फुगीर तरंगता गोळा मिळतो; शिकाऊ माणसाच्या बोटीवर तो असावाच.

डोलकाठी पडली तर काय होतं, हे वेळेवर अवलंबून आहे. सकाळी जुहूला मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. तार तुटलेली बोट त्यात सावकाश आत, खोल समुद्राकडे जाते. दुपारी खारा वारा, वायव्येकडून. तो बोटीला किनाऱ्याकडे आणतो, पण रविवारच्या दुपारी जुहूच्या पाण्यात पोरंटोरं खेळत असतात, आणि मागे आठ मीटरचा खांब आणि लोंबत्या तारा ओढणारी बोट त्यांच्यात शिरणं हे अधिक भीषण. म्हणून बोटीवर दोन वल्ही, पक्कड आणि पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन हवाच. सुरीने पोलादी तार कापता येत नाही. पकडीने रिंग काढून पिन ओढायची असते.

मोठ्या समुद्रावरचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. २१ सप्टेंबर २०१८ला गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’, गोव्यात बांधलेली बोट, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटून डोलकाठी मोडून बसली. पाठीला जबर दुखापत झालेले टॉमी तीन दिवस तसेच पडून होते. त्याच शर्यतीत एकूण पाच बोटींच्या डोलकाठ्या गेल्या. ‘थुरिया’ ही ज्या बोटीची प्रतिकृती होती ती ‘सुहेली’ मुंबईतच बांधलेली, सागवानाची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने १९६८-६९मध्ये तिच्यावरून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तिथे लाटाच इमारतीएवढ्या होत्या, तारांना दोष देता येत नाही. जुहूला असं वादळ अंगावर घेण्याचं कारणच नाही. इथे डोलकाठी पडली, तर जवळपास नेहमीच ते टाळता आलं असतं.

काम पुरं झाल्यावर डोलकाठी उभी करायची तीही डोकं वर करून, आसपास विजेच्या तारा नाहीत हे पाहून. ॲल्युमिनियमचा उंच खांब विजेच्या तारेला लागून अमेरिकेत माणसं दगावली, म्हणूनच हॉबीने पुढे डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा केला. पहिली फेरी मंद वाऱ्यात, किनाऱ्याजवळ. अर्ध्या तासाने परत येऊन प्रत्येक पिन पुन्हा पाहायची, कारण नव्या तारा पहिल्या ताणात किंचित लांबतात. तारा बदलल्याची तारीख डोलकाठीच्या पायाशी पक्क्या शाईने लिहावी, म्हणजे पुढच्या खरेदीदारालाही ती दिसेल. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ बोटीवरच्या प्रत्येकाला पाठ असावा.

आणि उतरवलेल्या जुन्या तारा अख्ख्या भंगारात देऊ नका. पक्कड घेऊन त्यांचे हातभर तुकडे करा, नळ्या ठेचा, पिना वाकवा. अख्ख्या दिल्या तर त्या पुसून-चमकवून पुन्हा कोणाच्या तरी डोलकाठीवर चढतील.